‘कीचकवधा’च्या शेजारी मनिलाचं एक नाटक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जागतिक रंगभूमीवरचा लेख आवडीने वाचला. ग्रीस, इंग्लंड, रशिया सगळे आले, आशियातलं मात्र एकही नाव नाही. फिलिपिन्सचे नाटककार आउरेलिओ तोलेंतिनो तरी त्यात हवे होते. खाडिलकरांच्या पुण्याला तर ते आधी माहीत असायला हवेत.

तोलेंतिनो १८६७ साली पाम्पांगा प्रांतातल्या ग्वाग्वा इथे जन्मले. स्पेनविरुद्ध उठलेल्या कातिपुनान या गुप्त संघटनेत ते तिचे संस्थापक बोनिफासिओ यांचे सहकारी होते. स्पेन गेला, अमेरिका आली, आणि १९०१ मध्ये राजद्रोहाचा नवा कायदाही आला. तरी १४ मे १९०३ रोजी मनिलाच्या तेआत्रो लिबर्तादमध्ये त्यांचं ‘काल, आज आणि उद्या’ हे तागालोग भाषेतलं नाटक उभं राहिलं. इनांगबायन म्हणजे मातृभूमी हे त्यातलं मुख्य पात्र. रंगमंचावर अमेरिकन झेंडा तुडवला गेला, प्रेक्षकांतले अमेरिकन खवळले आणि लेखकाला अटक झाली. दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड! १९०६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा कायम केली.

आता आपल्याकडे बघा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही सांगावं लागत नव्हतं. १९१० मध्ये सरकारने १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा वापरून बंदी घातली. खाडिलकरांना महाभारताचा आडोसा होता, तोलेंतिनो उघड्यावर उभे राहिले. इथे बंदी नाटकावर आली, तिथे लेखकच तुरुंगात गेला. दोघांत डावं-उजवं करण्याचा माझा हेतू नाही. पण आडोसा न घेता लिहिणाऱ्याची छाती केवढी असेल, हे मनात येतंच.

माझं आयुष्य पुण्यातल्या नाटकांचा कपडेपट सांभाळण्यात गेलं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. मनिलातल्या त्या काळच्या देशभक्तीच्या नाटकांत नटांचे कपडे असे बेतलेले असत, की ठरलेल्या क्षणी सगळे एका विशिष्ट रचनेत उभे राहिले की त्यांच्या अंगावरच्या रंगांतून बंदी घातलेला फिलिपिनो झेंडा तयार होई. प्रेक्षक ओरडून उठत आणि पोलिसांनी नीट पाहण्याआधीच नट पांगलेले असत. हे वाचायला सोपं वाटतं, करणं महाकठीण. पिवळ्या दिव्याखाली निळं कापड काळपट दिसतं. एखादी छटा चुकली तर झेंडा दिसणारच नाही. एकाचा शेला खांद्यावरून घसरला तरी पट्टा तुटणार. शिवाय एकेकटा नट वावरताना संशय येता कामा नये. हे बेतणाऱ्या शिंप्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत, याची फार रुखरुख वाटते.

तोलेंतिनोंना पूर्ण माफी मिळाली १९१२ मध्ये, आणि १९१५ मध्ये ते गेले. तागालोग, कापाम्पांगान आणि स्पॅनिश, तिन्ही भाषांत त्यांनी लिहिलं.

माझी विनंती पुण्यातल्या नाट्यसंस्थांना आहे. या नाटकातले निवडक प्रवेश मराठीत आणा आणि ‘कीचकवधा’तल्या प्रवेशांसोबत एकाच संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात त्यांचं अभिवाचन करा. नेपथ्य नको, मोठा खर्च नको. महाविद्यालयातली मुलं एकांकिकांसाठी विषय शोधत हिंडत असतात, त्यांनाही यात बोलवा. कपड्यांतून झेंडा तयार होण्याचा तो प्रसंग मात्र नुसता वाचू नका, उभा करा. त्याचे कपडे मी बेतून देईन. मानधन नको, फक्त रंगीत तालमीला दिवे लावून रंग तपासायला पुरेसा वेळ द्या.

आपली,
एक निवृत्त वेशभूषाकार
सदाशिव पेठ, पुणे