उजळाईवाडी ते मोहनबारी

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, फोनवर सांगितलेला तुमचा हिशेब मी लावून पाहिला. कोल्हापूर ते आसाममधलं दिब्रुगड सरळ रेषेत साधारण २,४५० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी आठशेच्या आसपास, म्हणजे साधारण तीन तासांत दादाकडे. गणित बरोबर आहे. पण त्या रेषेवरून विमान जायला हवं ना! तुम्ही बघितलेल्या तिकिटात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून आधी मुंबई, मग गुवाहाटी आणि तिथून मोहनबारी, म्हणजे दिब्रुगडचा विमानतळ. आणि गंमत म्हणजे मुंबई ते दिब्रुगड अंतरही जवळपास तेवढंच आहे. उजळाईवाडीहून तीनशे किलोमीटर उडून इथे आलात तरी दादा तसूभरही जवळ येत नाही.

हवेत एकूण पाच-साडेपाच तास. बाकीचा दिवस रांगेत, बसमध्ये आणि त्या थंडगार खुर्च्यांवर. आईची साखरेची गोळी पोटात गेली आणि जेवण लांबलं की तिला कसा घाम सुटतो, ते तुम्ही बघितलंय. शिवाय वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं आपल्यासाठी थांबत नाही. स्वस्त पडतं म्हणून तसलं काही करू नका.

माझं म्हणणं असं, की पहिला टप्पा विमानाने करूच नका. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसा, झोपा, सकाळी ठाण्याला मी घ्यायला येते. दोन दिवस इथे राहा, नातवंडं वाट बघतायत. मग इथून दिब्रुगडपर्यंत एकच तिकीट, बॅग थेट तिकडेच मिळेल. दिल्लीवरून नको, डिसेंबर-जानेवारीत तिथलं धुकं सगळं वेळापत्रक बिघडवतं. कोलकाता किंवा गुवाहाटीच बघू.

व्हीलचेअर मी तिकिटातच नोंदवणार आहे, दोघांसाठी. बाबा, तुम्हाला चालायचं असेल तर खुशाल आईच्या खुर्चीशेजारून चाला, पण नोंद राहू दे.

पोचायची वेळ दुपारचीच धरू. घड्याळ तेच असलं तरी दिब्रुगड आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे, की डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य बुडतो. चहाच्या बागांमध्ये तर घड्याळच तासभर पुढे असतं, त्यामुळे दादा ‘सातला नाश्ता’ म्हणाला तर कुठल्या घड्याळाने, ते आधी विचारून घ्या. येताना विमानाला थोडा जास्त वेळ लागेल, हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. काळजी करू नका.

आई, वहिनीसाठी डिंकाचे लाडू करशीलच. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नकोस. तेलामुळे पेट घेतं म्हणून चेक-इनच्या सामानात ते चालत नाही, उघडून काढून ठेवतात. काय लागेल ते किसून, भाजून लाडवातच घाल. आणि तिकडे थंडी आहे, बाबांची कानटोपी हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

दादाला मी अजून काही बोललेले नाही. तुमचं नक्की झालं की कळवा, महालक्ष्मीच्या खालच्या दोन बर्थ मिळतात का बघते. उशीर केलात तर वरच्या मिळतील.

तुमची
धाकटी