लालबागच्या डंकवाल्या दादांना मनापासून थँक्यू

आमच्या स्टुडंट डॉक्युमेंटरीसाठी एका गिरणी कामगार काकांची मुलाखत होती, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातले ते, जवळपास अडीच लाख कामगार होते त्या संपात. चाळीत पहिल्या मजल्यावर कॅमेरा लावला, हेडफोन घातला आणि खालून मसाला कांडपाचा डंका धाड धाड! जागा बघायला आम्ही रात्री गेलेलो, तेव्हा दुकान बंद होतं ना. काकांना दमा, परत परत बसवणं शक्यच नव्हतं.

खाली गेलो. एप्रिल महिना, ऐन सीझन, बायका मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत उभ्या. दादांनी एवढंच विचारलं, "कोणाची मुलाखत?" नाव ऐकलं आणि मशीन बंद केली. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "बोलू दे त्यांना, आमचे हे पण गिरणीतच होते." पाऊण तास त्या बायका तशाच थांबल्या, कोणी कुरकुर नाही केली. मध्येच माइकचा सेल गेला तर दादांनी पोराला पाठवून नवे सेल दिले, पैसे घेतलेच नाहीत.

संप लांबला तेव्हा घरातली भांडी विकली हे सांगताना काका बराच वेळ गप्प बसले, ती शांतता फिल्ममध्ये जशीच्या तशी आहे, फक्त तुमच्यामुळे.

आता जिथे शूट असेल तिथे आम्ही त्याच वेळेला आधी जाऊन बसतो, कान देऊन ऐकतो, आणि जास्तीचे सेल बॅगेत असतातच.

दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं, क्रेडिटमध्ये टाकायचंय. रविवारी येतोय, मावशींनाही सांगा.