ओष्ठ्य

प्रिय पमे,

आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग फोन उचल आणि हव्या तेवढ्या शिव्या दे. मला ताप आला नव्हता.

गेट-टुगेदरच्या आदल्या रात्री तुला तो लांबलचक मेसेज केला ना, अंग मोडून आलंय, घसा धरलाय, उठवत नाही, त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. उठवत नव्हतं एवढं खरं, पण ते लाजेनं. तू लगेच "मी येऊ का?" म्हणालीस आणि मी "नको, तुला लागण होईल" असं ठोकून दिलं. सुजेची लागण होत नाही हे तू रोज पोरांना शिकवतेस, पण तुला काय माहीत कसली सूज ते.

ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरदार दिसायचं जेल, सुईनं भरून घेतलं मी. हास. हसून घे पोटभर, मग पुढे वाच.

कारण तुला सांगायची गरज नाही. नववीत, खो-खोच्या मैदानावर, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "हिला ओठ कुठेत, पाकिटाची चीर आहे नुसती." तीन आठवडे कट्टी होती आपली, आणि तीही मोडली ती तुला माझी प्रयोगवही हवी होती म्हणून. आता पंचवीस वर्षांनी सगळ्या भेटणार, तर म्हटलं, एकदा भरल्या ओठांनी या बयेसमोर जाऊन उभं राहावं. डॉक्टरांनी विचारलंही होतं, "जवळपास काही कार्यक्रम आहे का? निदान दोन आठवडे हाताशी ठेवून करा, महिना असला तर उत्तम." मी म्हटलं, "छे, कुठला कार्यक्रम." तीन दिवसांवर होता!

मला वाटलं, एक मिलिलिटर तर आहे. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्यानं काय होतंय! पण फिलरमधलं ते हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं आणि वर सुईनं टोचल्याची सूज वेगळीच. (तुझ्या विषयातलं आहे हे. १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या चिकट द्रवात पहिल्यांदा सापडलं म्हणे. नावातच काच आहे, ग्रीकमधली. वर्गात सांग, पण माझं नाव नको घेऊस.) पहिल्या संध्याकाळी बरी दिसत होते गं. अगदी हवी तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बदक. सूज दुसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते हे त्यांनी दिलेल्या कागदावर छापलेलं होतं. कागद मी पर्समध्ये घडी घालून ठेवला होता. वाचला नव्हता.

त्या दिवशी मला तुझं नाव घेता येईना. खरंच सांगते. प, फ, ब, भ, म. मराठीच्या बाई आपल्याला ओठांवर बोट ठेवून म्हणायला लावायच्या, आठवतं? ओष्ठ्य व्यंजनं. ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि माझे मिटतच नव्हते. "पमे" म्हणायला गेले तर "हवे" असं काहीतरी आलं. म्हणून फोन न करता मेसेज केला. निदान हे कारण तरी प्रामाणिक आहे.

मग मात्र शहाण्यासारखी वागले. तू मानणार नाहीस, पण वागले. बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं, नुसता ओठांवर कधीच नाही. रात्री दोन उशा. पहिला दिवस लिपस्टिक नाही, दोन दिवस व्यायाम नाही (हा नियम मी आयुष्यभर पाळतेच आहे), वाफ नाही, स्ट्रॉ नाही. बधीरपणा उतरेपर्यंत गरम काही प्यायचं नाही, कारण भाजलेलं कळत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आपल्या मनानं घ्यायची नाही, रक्त पातळ होऊन जखमा जास्त काळ्यानिळ्या दिसतात. दातांच्या डॉक्टरची वेळही पुढे ढकलली, कारण तिथे तासभर ओठ ताणून धरतात. परीक्षेच्या दिवसांत माझ्या ओठाच्या कोपऱ्यावर फोड उठायचे आणि तू मला खेटून बसायची नाहीस, तेही उपयोगी पडलं बघ. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी आधीच गोळ्या सुरू केल्या, कारण सुईनं ते फोड पुन्हा उठू शकतात.

त्या रात्री, तुम्ही सगळ्या साड्या ठरवत असताना, मी टॉर्च घेऊन आरशासमोर बसले होते. कागद तेव्हा वाचला, आणि नको तोच भाग आधी वाचला. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनी दाबली गेली तर कातडी पांढरी पडते, किंवा निळसर जाळी दिसते, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं. तसं झालं किंवा नजरेत काही फरक वाटला तर सकाळची वाट पाहायची नाही. बोटानं दाबून सोडायचं, दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. मी दाबत होते आणि मोजत होते. एक, दोन, आला. पुन्हा. एक, दोन, आला. असं किती वेळ चाललं असेल! शेवटी दाबून दाबूनच दुखायला लागलं आणि मग दुखणं वाढलं म्हणून घाबरले. रात्री अकराला डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "रंग छान आहे. आता हात लावू नका आणि झोपा."

हेच तर जमत नाही मला. तू म्हणायचीस ना, खपली धरली की मी ती काढणार. आता डाव्या बाजूला, वरच्या ओठात आतून, मुगाएवढी गाठ लागते. आज दहावा दिवस. दिसत नाही, जिभेला लागते फक्त, आणि माझी जीभ दिवसभर तिथेच. डॉक्टर म्हणतात, अशा लहान गाठी दोन ते चार आठवड्यांत बसतात, आपल्या मनानं मालिश करायचं नाही, नाहीच बसली तर बघू. आवडलं नाही तर विरघळवायचं इंजेक्शनही असतं, हायलुरॉनिडेज. हे ऐकून धीर यायला हवा होता. उलट, ते काढायचं म्हटल्यावर पोटात खड्डाच पडला.

आणि पमे, हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. सूज उतरायला लागली तसं मला वाईट वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी जिला बघून रडले, सहाव्या दिवशी तिचीच आठवण यायला लागली. ओठ आता छान आहेत, बेताचे, घरात कुणाला काही कळलंसुद्धा नाही, आणि मला वाटतंय, हे एवढंच? अजून अर्धा मिलिलिटर घातलं तर? दहा दिवसांत डोळ्याला सवय लागते गं. सहा महिने, वर्ष, मग हे विरत जाणार, मग पुन्हा. मला भीती गाठीची नाही, या "अजून थोडं"ची आहे. तुला मी ओळखते, तू म्हणशील, "मग थांब की." तुला थांबता येतं. मला शेंगदाण्यांची वाटी संपेपर्यंत थांबता येत नाही.

एक सांगते, आधी मी ते बिनसुईचं पेन मागवणार होते, घरच्या घरी दाबानं फिलर आत सोडायचं. ऑर्डर करायची बाकी होती. मग वाचलं की अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२१ मध्येच ते वापरू नका म्हणून बजावलंय. तेवढी अक्कल तरी शाबूत होती, हे माझ्या खात्यात जमा धर.

फोटो पाहिला. सगळ्या चिकटून बसल्यात आणि तुझ्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर तुझी पर्स. जागा धरून ठेवली होतीस ना? मला ते फार लागलं. मी तिथे तुला हरवायला येणार होते आणि तू खुर्ची धरून बसली होतीस.

आईचं बरं आहे, गुडघा तसाच. माझा बीपी ठीक. तुझ्या बदलीचं काय झालं? धाकट्याला हवं ते कॉलेज मिळालं का? आणि सासूबाईंचा मोतीबिंदू झाला की अजून त्यांचं "पुढच्या महिन्यात" चालू आहे? सविस्तर लिही, मी या वेळी नुसतं माझंच गुऱ्हाळ लावलंय.

गुरुवारी चौदा दिवस होतात, तेव्हा दाखवायला जायचंय. अर्ध्या मिलिलिटरचा विषय तिथे काढायचा नाही असं ठरवलंय. बुधवारी रात्री फोन कर आणि मला त्याची आठवण दे. ओरडलीस तरी चालेल.

तुझीच,
पाकीट

ता. क. हे पाकीट चिकटवायला जीभ लावणार होते. गोंद आणला.