ख्रिस्तीबाईंच्या ७३ वह्या: क्रमांकावर जाऊ नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अगाथा ख्रिस्ती यांच्यावर आलेला लेख आवडला. पण त्यांच्या साहित्याचे अभ्यासक जॉन करन यांच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले, आणि तेही वह्या सापडल्या नि रहस्य उलगडले अशा अर्थाचे. करन यांचे खरे काम त्या वाक्यात हरवले, म्हणून हे पत्र.

ख्रिस्तीबाई आपल्या रहस्यकथांची टिपणे आणि बेत ज्यांत लिहीत, त्या वह्या हरवलेल्या नव्हत्याच. इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये डार्ट नदीकाठी ग्रीनवे हे ख्रिस्तीबाईंचे घर आहे, तिथे त्या होत्या. मुलगी रोझलिंड यांनी त्यांना १ ते ७३ असे क्रमांक घालून घेतले होते आणि कोणत्या वहीत कोणत्या पुस्तकाचा उल्लेख आहे याची यादीही करवली होती. नातू मॅथ्यू प्रिचर्ड यांच्या निमंत्रणावरून करन २००५ मध्ये ग्रीनवेला गेले. त्यांचे पहिले पुस्तक २००९ मध्ये आले, दुसरे २०११ मध्ये. मधली वर्षे गेली ती अक्षर लावण्यात आणि काळ ठरवण्यात.

पहिला खड्डा क्रमांकांचाच आहे. ते कालक्रमाने दिलेले नाहीत. वही ५ ही वही ५० च्या आधीची असेल असे धरून चालले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. ख्रिस्तीबाई हाताला लागेल ती वही उघडत, कोरे पान दिसेल तिथे लिहीत, कधी वही उलटी करून मागच्या बाजूने सुरुवात करत. त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते आणि एकाच कादंबरीची टिपणे अनेक वह्यांत विखुरलेली सापडतात. मध्येच पत्त्यांतल्या ब्रिजच्या डावाचे गुण, खरेदीच्या याद्या. बहुतेक नोंदींवर तारीख नाही. कादंबरी छापून आली त्या वर्षावरून फक्त पुढची हद्द कळते, टिपण त्याआधीचे एवढेच. किती आधीचे, ते कळत नाही. कारण एखादी कल्पना टिपून ठेवायची आणि दहा-वीस वर्षांनी वापरायची, ही त्यांची सवयच होती.

दुसरी अडचण अक्षराची. ऐन भराच्या काळातलेच अक्षर सर्वांत दुर्बोध आहे, कारण हात विचारांच्या मागे धावत होता. पात्रांची नावे नुसत्या आद्याक्षरांत, आणि तीही पुस्तकात पुष्कळदा बदललेली. प्रसंगांना ए, बी, सी अशी अक्षरे द्यायची आणि मग खाली नुसती अक्षरे वेगळ्या क्रमाने मांडून प्रकरणांची जुळणी करायची, अशी त्यांची रीत होती. ज्याला ६६ कादंबऱ्या आणि दीडशेच्या आसपास कथा पाठ नाहीत, त्याला अशी अक्षरांची ओळ वाचता आली तरी ती कशाची आहे हे कळणार नाही. हे काम केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या आवाक्यातले नव्हते ते याचमुळे. आणि जे नाही तेही ध्यानात ठेवावे लागते. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'ची आखणी या ७३ वह्यांत सापडत नाही. म्हणजे ती कादंबरी आखणीशिवाय लिहिली असा अर्थ काढायचा नाही. वही टिकली नाही, इतकेच धरायचे.

अभ्यासकाची खरी कसोटी पाहायची तर 'स्लीपिंग मर्डर'च्या लेखनकाळाचा वाद पाहावा. मिस मार्पल या ख्रिस्तीबाईंच्या वृद्ध शोधक नायिकेची ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये छापली गेली. ती दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सुमारास लिहून बाजूला ठेवली होती, अशी सर्वमान्य समजूत. करन यांना वह्यांत सप्टेंबर १९४७ आणि नोव्हेंबर १९४८ च्या बेतांखाली 'कव्हर हर फेस' हे नाव दिसले. हे याच कादंबरीचे आधीचे नाव. जॉन वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी' या नाटकातल्या ज्या ओळीवर कथानक उभे आहे, तिच्यातून घेतलेले. पुढे १९६२ मध्ये पी. डी. जेम्स यांची कादंबरी त्याच नावाने आली आणि ते सोडावे लागले. वह्यांतील नोंदींवरून करन यांनी लेखनकाळ १९५० च्या आसपास नेला.

याउलट पुरावा ख्रिस्तीबाईंच्या साहित्यिक एजंटच्या दफ्तरात आहे. १५ मार्च १९४० च्या हिशेबात 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट' टंकलिखित करून घेतल्याचे १९ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स लावलेले आहेत. 'स्लीपिंग मर्डर'चे हे आणखी जुने नाव. ते पाहून घसरायला होते, कारण ख्रिस्तीबाईंचा दुसरा गुप्तहेर पॉयरो याची 'फाइव्ह लिटल पिग्ज' १९४२ मध्ये अमेरिकेत याच नावाने निघाली. पण ७ जून १९४० च्या पत्रात एजंट एडमंड कॉर्क यांनी मिस मार्पलच्या अप्रकाशित कादंबरीचे बक्षीसपत्र करण्याविषयी लिहिले आहे. १४ ऑक्टोबरला बाईंनी सही करून 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट'चे हक्क पती मॅक्स मॅलोवन यांच्या नावे केले. कादंबरीतला अंतर्गत पुरावा इथे फारसा कामाचा नाही. कर्नल बँट्री हे पात्र 'स्लीपिंग मर्डर'मध्ये हयात आहे आणि १९६२ च्या 'द मिरर क्रॅक्ड'मध्ये ते वारलेले आहे. पण यावरून १९४० की १९५० हे ठरत नाही.

माझ्या मते एजंटची कागदपत्रे जड आहेत. न लिहिलेल्या पुस्तकाच्या टंकलेखनाचे बिल निघत नाही. १९४७-४८ च्या नोंदी जुनी प्रत पुन्हा वाचून दुरुस्त करण्याच्या बेताच्या असाव्यात. पण असे म्हणता येते ते करन यांच्यामुळेच. त्यांनी निष्कर्षाबरोबर मूळ नोंदीही वहीच्या क्रमांकासह छापल्या, म्हणून त्या नोंदी दुसऱ्या दफ्तराशी ताडून पाहता येतात. वहीत काय आहे आणि माझा तर्क कोणता, ही रेघ ते पुसत नाहीत. लोकप्रिय लेखकावर लिहिताना हे फार थोडे जण पाळतात.

'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'चा मूळ शेवटही करन यांनीच वाचकांपर्यंत पोचवला. पॉयरो न्यायालयात साक्ष देताना उलगडा करतो, असे प्रकरण बाईंनी आधी लिहिले होते. प्रकाशक जॉन लेन यांना ते पटले नाही, म्हणून उलगडा दिवाणखान्यात आला. वही ३७ मधले ते खाडाखोडीचे प्रकरण २०११ च्या पुस्तकात छापले आहे. संशयितांना एकत्र बसवून केलेला पॉयरोचा उलगडा ज्यांना प्रिय आहे, त्यांनी दोन्ही पाठ शेजारी ठेवून जरूर वाचावेत.

दोन विनंत्या. मराठीत मधुकर तोरडमलांसारख्यांनी ख्रिस्तीबाईंचे अनुवाद केले आहेत. अशा पुस्तकांविषयी छापताना मूळ ब्रिटिश नाव आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष द्यावे. अमेरिकन नाव वेगळे असल्यास तेही द्यावे, नाहीतर वाचक एकच कादंबरी दोनदा विकत घेतो. दुसरी अधिक कळकळीची. करन प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी, पुढे कोणत्या कादंबऱ्यांचा उलगडा येणार आहे त्यांची नावे देतात. आपल्या लेखात दोन खुनी तिसऱ्याच परिच्छेदात उघड झाले आहेत. पुढच्या वेळी तशी एक ओळ लेखाच्या माथ्यावर छापावी.

आपला,
एक वाचक, ठाणे