ऋत्विक घटकांची खुर्ची पुण्यात पुन्हा मांडा

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

४ नोव्हेंबर २०२५ रोजी ऋत्विक घटकांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. ढाक्यात जन्मलेला हा बंगाली चित्रपट दिग्दर्शक साठच्या दशकाच्या मध्याला काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होता, उपप्राचार्य होता. ती संस्था तुमच्या खात्याची, म्हणून हे पत्र तुम्हाला.

प्रभात स्टुडिओच्या त्या आवारात ते आले तेव्हा त्यांच्या गाठीशी काय होते? १९५२ साली पुरा केलेला ‘नागरिक’ डब्यातच पडून होता. तो पडद्यावर आला १९७७ मध्ये, त्यांच्या पश्चात. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) तेवढा चालला. पुढच्याच वर्षी ‘कोमल गांधार’ सपशेल पडला. ‘सुवर्णरेखा’ तयार होऊनही लोकांपुढे यायला तीन वर्षे गेली. कम्युनिस्ट पक्षाने त्यांना १९५५ मध्येच काढून टाकले होते. पक्षाने कलावंतांशी कसे वागावे हे त्यांनी पक्षालाच लिहून सुनावले होते. पिण्याबद्दल तर सगळ्यांना ठाऊक होते. असा माणूस सरकारी संस्थेत शिक्षक म्हणून आला! ज्यांनी त्यांना नेमले त्यांच्या हिमतीला मी मनापासून दाद देतो.

दारूने त्यांचे मातेरे केले, ६ फेब्रुवारी १९७६ रोजी ते अवघ्या पन्नाशीत गेले, हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्यांची बंडखोरी म्हणजे बाटली, असे जे रंगवून सांगतात त्यांची मला चीड येते. त्यांचे बंड कामात होते. देश स्वातंत्र्याचे गोडवे गात असताना हा गृहस्थ फाळणीचा विषय सोडायलाच तयार नव्हता. ‘कोमल गांधार’मध्ये भृगू आणि अनसूया पद्मा नदीच्या काठी उभे आहेत. पैलतीरी आपला मुलूख दिसतो, पण तो आता परदेश. मग कॅमेरा रेल्वेच्या रुळांवरून धावत सुटतो, ‘दोहाई अली’चा गजर चढत जातो, आणि रूळ जिथे संपतात त्या अडसरावर आदळून पडदा काळाठिक्कर पडतो. वर्गात शंभर व्याख्याने दिली तरी ध्वनी आणि चित्र यांचे नाते इतके कळणार नाही.

आणि त्यांचे विद्यार्थी बघा: मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम. एकानेही गुरूची नक्कल केली नाही. घटकांचा चित्रपट आक्रोश करतो, मेलोड्रामाला लाजत नाही. मणि कौलांचा ‘उसकी रोटी’ जवळजवळ स्तब्ध. पुढे मराठीत ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) पडद्यावर आणणाऱ्या तरुणांच्या गटात हेच मणि कौल होते. जॉनने केरळात लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘अम्मा अरियन’ (१९८६) उभा केला. विद्यार्थ्याला आपल्यासारखे न करता त्याच्या स्वतःच्या वाटेला लावणे, ही शिक्षकाची खरी ताकद. वेतनश्रेणी आणि पात्रतेचे रकाने भरून घेताना ती दिसत नाही.

माझी पहिली मागणी त्यावरूनच आहे. संस्थेत घटकांच्या नावाने एका वर्षाची निमंत्रित दिग्दर्शकाची जागा निर्माण करा. निवड तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहून करावी. मंत्रालयाने फक्त पैसे द्यावेत. त्या दिग्दर्शकाने सरकारवर टीका केली आहे का, हे कुणी विचारू नये. कोण नेमला जातो याची विद्यार्थ्यांना किती आच असते, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध २०१५ मध्ये झालेल्या १३९ दिवसांच्या संपाने दाखवले आहे.

दुसरी मागणी कमी खर्चाची. घटकांच्या चित्रपटांना मराठी उपशीर्षके द्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाले आहे, म्हणजे तेही तुमच्याच अखत्यारीत. जिथे हक्कांचा गुंता असेल तो खात्याने सोडवावा आणि हे चित्रपट नांदेड, चंद्रपूर, रत्नागिरीच्या पडद्यांपर्यंत पोहोचवावेत. निर्वासितांच्या वस्तीत घरासाठी झिजून जाणारी ‘मेघे ढाका तारा’तली नीता आमच्या प्रेक्षकाला परकी वाटणार नाही. पण तिचे बोलणे त्याला इंग्रजी अक्षरांतून का वाचावे लागावे?

सुरुवात ‘मेघे ढाका तारा’पासून करावी. बंगाली आणि मराठी दोन्ही उत्तम येणारे लोक महाराष्ट्रात आहेत. खात्याने जाहीर हाक द्यावी. दोन्ही मागण्यांवर आपण लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला,
पुण्यातील एक चित्रपटप्रेमी