जीन थेरपीची मात्रा एकदाच देता येते: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

जीन थेरपीच्या, म्हणजे जनुकांमार्फत आजारावर करायच्या उपचाराच्या, निधीचा विषय निघाला की सगळी चर्चा औषधाच्या किमतीपाशी अडते. आमची विनंती मात्रेच्या आधीच्या आणि नंतरच्या कामासाठी आहे, कारण ही मात्रा एकदाच देता येते. एसएमए हा बाळांचे स्नायू दुबळे करणारा आजार घ्या. त्यावरच्या झोल्जेन्स्मा या औषधात निरोगी जनुक एएव्ही 9 या विषाणूच्या कवचात घालून शिरेतून देतात. त्यानंतर शरीरात इतकी प्रतिपिंडे तयार होतात की तेच कवच पुन्हा दिले तर ते पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते.

आधीचे काम दोन चाचण्यांचे. प्रतिपिंडे आधीपासून असतील तर मात्रा वाया जाऊ शकते. वैद्यकीय चाचण्यांमध्ये 1:50 च्या वर पातळी असलेल्या, म्हणजे रक्तद्रव 50 पटींहून जास्त पातळ करूनही प्रतिपिंडे दिसणाऱ्या, बाळांना घेतले नव्हते. तान्ह्या बाळात ती बहुधा आईकडून आलेली असतात आणि ओसरतात, म्हणून अहवाल प्रतिकूल आला तरी फाइल बंद न करता काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. दुसरी चाचणी जन्मानंतर लगेचची. एसएमएत मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी मेल्या त्या कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. बाळाची मान धरत नाही हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बऱ्याच गेलेल्या असतात. टाचेतून घेतलेले, कागदावर वाळवलेले रक्ताचे थेंब पीसीआर या जनुकतपासणीने तपासले तर सुमारे 95 टक्के रुग्ण लक्षणांआधी सापडतात. थायरॉईडसाठी घेतात तोच कागद इथे चालतो.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी मात्रेनंतरच्या आठवड्यांची आहे. वजनाच्या दर किलोमागे 1.1×10¹⁴, म्हणजे 110 लाख कोटी विषाणूकण दिले जातात आणि त्यातले पुष्कळ यकृतात जातात. म्हणून आदल्या दिवसापासून किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ते किमान 30 दिवस, आणि यकृताची एन्झाइम्स सावरलेली दिसली तरच हळूहळू कमी. पहिला महिना एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स दर आठवड्याला तपासायच्या. 2022 मध्ये रशिया आणि कझाकस्तानमध्ये झोल्जेन्स्मा घेतलेली दोन मुले यकृत निकामी होऊन दगावल्याचे जाहीर झाले. मात्रेला पाच-सहा आठवडे झाले होते आणि स्टेरॉइड कमी करायला नुकतीच सुरुवात झाली होती. एव्हाना कुटुंब मोठ्या केंद्रातून आपापल्या घरी परतलेले असते. घराजवळची प्रयोगशाळा अहवाल द्यायला चार दिवस लावत असेल, तर स्टेरॉइड वाढवायची वेळ टळून जाते.

सिकलसेलसाठीच्या कॅसजेव्ही या उपचारात रक्त तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर काढून त्यांची जनुके संपादित करतात, तिथे धोका वेगळा. अस्थिमज्जा रिकामी करणाऱ्या बुसल्फान या औषधामुळे वंध्यत्व येऊ शकते. वीर्य किंवा बीजांडे आधी गोठवून ठेवण्याचा खर्च योजनेतच धरावा.

आणि उपचार घेतलेल्या रुग्णांची नोंदवही. पॅरिसमधल्या एससीआयडी-एक्स 1 (जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार) चाचणीत जनुक वाहून नेणारा रेट्रोव्हायरस एलएमओ 2 या कर्करोगाशी संबंधित जनुकाशेजारी जाऊन बसला आणि काही मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला, तोही उपचारानंतर काही वर्षांनी. जनुकसंचात घुसणाऱ्या अशा वाहकांसाठी अमेरिकी नियामक 15 वर्षे पाठपुरावा करायला सांगतो. इतक्या काळात कुटुंबे घर बदलतात, डॉक्टर बदलतात, म्हणून नोंद रुग्णालयाकडे न ठेवता आपल्या खात्याकडे असावी.

मात्रेच्या मंजुरीपत्रात तीन रकाने सक्तीचे करा: प्रतिपिंडांचा अहवाल, 24 तासांत निकाल देणाऱ्या घराजवळच्या प्रयोगशाळेचे नाव, आणि स्टेरॉइड कमी करण्याचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक.

आपले नम्र,
जीन थेरपीच्या क्षेत्रातले डॉक्टर आणि संशोधक