हाय टेन्शन तारांखालची ‘फुकट’ वीज

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला, उच्चदाब तारांखाली नुसत्या हातात धरलेली ट्यूबलाइट उजळल्याचा सचित्र लेख वाचला. चित्र खरे आहे. 2004 साली रिचर्ड बॉक्स या कलावंताने इंग्लंडमध्ये अशा कितीतरी ट्यूब तारांखालच्या शेतात रोवून उजळवल्या होत्या. पण ‘ही वाया जाणारी वीज घरोघरी वापरता येईल’ हा लेखाचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

हिशेब करून पाहावा. 400 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीखाली जमिनीलगत विद्युतक्षेत्र मीटरला 5 किलोव्होल्ट धरले, तर 50 हर्ट्झला एक चौरस मीटर पत्र्यावर जेमतेम 14 मायक्रोअँपिअर (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग) प्रवाह मिळतो. पत्र्यावर दाब हजारो व्होल्टचा दिसतो, पण भार जोडताच कोसळतो. तीन व्होल्टचा एलईडी थेट जोडला तर हाती येतात सुमारे 40 मायक्रोवॅट. तेवढेच सौर पॅनेल भर उन्हात 200 वॅट देते! शिवाय ही वीज वाया जात नसते. आपण ओढली की तेवढा भार वीजनिर्मिती केंद्रावर पडतो. म्हणजे ती चोरीच.

जास्त मिळावी म्हणून कोणी वाहिनीला समांतर लांब तार ताणली, तर तिच्यात जिवावर बेतणारा दाब उद्भवू शकतो, विशेषतः वाहिनीत बिघाड होऊन प्रचंड प्रवाह वाहतो त्या क्षणी. वाहिनीखालची तारेची कुंपणे जागोजागी अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) असतात ती उगाच नव्हे. तार वर नेऊ पाहणाऱ्याला तर स्पर्शही व्हावा लागत नाही, हवेतूनच ठिणगी झेपावते.

तारेभोवतीच्या क्षेत्रातून वीज मिळवण्याच्या या तंत्राची खरी जागा वर, कंडक्टरवरच (वीज वाहणाऱ्या तारेवरच) आहे. 500 अँपिअर वाहणाऱ्या, दीड सेंटीमीटर त्रिज्येच्या तारेच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र 6 मिलिटेस्लांच्या पुढे असते. दहा मीटर खाली ते शेकडो पटींनी घटते, आणि तिन्ही फेजची क्षेत्रे एकमेकांना बरीच रद्द करतात ते वेगळेच. म्हणून दोन भागांत उघडणारा लोहगाभा (वर गुंडाळी असलेला) तारेभोवती बसवला, की त्या क्षेत्रातून मिळणाऱ्या विजेवर तारेचे तापमान, झोळ, ताण मोजणारा सेन्सर बॅटरी न बदलता वर्षानुवर्षे चालतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर तारेला धरून स्वतःच चार्ज होणारे ड्रोन उडवले आहे. पारेषण कंपन्यांनी हे सेन्सर मनावर घेतले, तर कुठली तार तापली, कुठे झोळ धोक्याच्या पातळीवर आला, हे गस्तीची वाट न पाहता कळेल.

दारावरून टॉवर जातात आणि घरात अंधार, ही लेखातली तक्रार मात्र अगदी रास्त आहे. त्यावर उपायही आहे. घानामध्ये 161 केव्ही वाहिन्यांच्या माथ्यावरच्या, विजेच्या कडकडाटापासून रक्षण करणाऱ्या अर्थ वायर इन्सुलेटरवर बसवून त्यांतून मध्यमदाबाने लगतच्या गावांना वीज पोहोचवली गेली, तीही उपकेंद्र, संरक्षण आणि मीटरसह. पुरवणीने ट्यूबलाइटऐवजी याविषयी सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पारेषण अभियंता